स्कोपमधली वाकडी रेघ

माझा उजवा डोळा बिघडत चाललाय, ही गोष्ट मला डॉक्टरांच्या आधी रायफलीवर लावायच्या एका स्वस्तातल्या दुर्बिणीने, म्हणजे स्कोपने सांगितली. एकदा नाही, तीनदा सांगितली. आणि तिन्ही वेळा मी त्या स्कोपलाच नापास ठरवून दुकानात परत नेऊन आपटलं. या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी आठवलं की मी नव्याने हबकतो. रस्त्याने चालता चालता मध्येच थांबतो. बायको विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही, चपलेत खडा गेला.

इतकं हबकायचं कारण सांगतो. तेहतीस वर्षं मी हावड्याच्या एका सरकारी कंपनीत तपासणी विभागात काढली. नागपूरहून बदली होऊन आलो तेव्हा तीन वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं. मुलगी इथेच वाढली, मराठी बोलता बोलता बंगालीत शिरायला लागली, लग्न होऊन बंगळूरला गेली, आणि आम्ही दोघं शिबपूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर उरलो. कंपनीत माझं काम एकच होतं. यंत्रांवर तयार झालेले सुटे भाग टेबलावर यायचे, मी ते डोळ्यांनी आणि मापांनी तपासायचो, आणि खोट दिसली की लाल खडूने त्यावर फुली मारायचो. माझी फुली पडली की मोठ्या साहेबांनाही ती पुसता येत नसे. कामगार माझ्याबद्दल पाठीमागे काय काय बोलत ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला मजाच वाटायची. या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही, ही माझी कमाई होती.

नेमबाजीचा नाद चाळिशीत लागला. कंपनीतल्याच एका सहकाऱ्याने बराकपूरच्या बाजूच्या एका क्लबात नेलं, पहिल्याच दिवशी पाच गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या, आणि मी गेलोच त्यात. परवाना काढला, स्वतःची पॉइंट टू-टू रायफल घेतली. दर रविवारी नदी ओलांडून, सियालदहहून लोकल पकडून, खांद्याला ती लांबलचक पिशवी लावून मी जायचो. डब्यातले लोक विचारायचे, दादा, सतार का? मी हो म्हणायचो. तेवढीच शांतता मिळायची.

साठी ओलांडली आणि रायफलीची पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, पुसट दिसायला लागली. हे सगळ्यांनाच होतं. मागची खाच, पुढची माशी आणि पन्नास मीटरवरचा कागद, या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट बघणं म्हाताऱ्या डोळ्याला जमत नाही. मी चष्मा बदलला, मग परत बदलला. शेवटी ठरवलं की आमच्या क्लबात हिवाळ्यात साठीच्या वरच्यांसाठी जी स्पर्धा होते, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून आणि स्कोप लावून, तिच्यात उतरायचं. स्कोपमध्ये आतल्या उभ्या-आडव्या रेघांची फुली आणि लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसतात, डोळ्याला कसरत करावी लागत नाही. तेही जमलं नाही तर रायफल विकून टाकायची. बायको म्हणाली, आत्ताच विका, पलंगाखाली जागा होईल. मी म्हटलं, माझा डोळा शाबूत आहे तोवर ती पलंगाखालीच राहणार. हे वाक्य मी अगदी याच शब्दांत बोललो होतो.

आता स्वस्तातला स्कोप निवडणं हे काय प्रकरण आहे, ते ज्याने निवडला नाही त्याला सांगून पटायचं नाही. क्लबात वीस माणसं, तर स्कोपबद्दल पंचवीस मतं. एकाने तर मला असा एक परदेशी स्कोप सुचवला की तो घेण्यापेक्षा मी दुसरी रायफल घेतली असती. मी महिनाभर स्वतः अभ्यास केला. पॉइंट टू-टूला दणका जवळजवळ नसतो, त्यामुळे मोठ्या रायफलींचे ते दणकट, जडशीळ नग लागत नाहीत, हा पहिला फायदा. दुसरं असं की मोठ्या रायफलींचे स्कोप शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात. ते पन्नासवर वापरले की डोळा केसभर हलला तरी फुली लक्ष्यावर इकडून तिकडे फिरायला लागते. म्हणून मुद्दाम पन्नासवर जुळवलेलाच घ्यायचा. तिसरं, नऊ पटीच्या वर जायचं नाही. फार मोठं दिसायला लागलं की स्वतःच्या छातीचे ठोकेही फुलीवर दिसतात आणि माणूस घाबरून चाप ओढतो. काचेवरचा लेप बरा हवा, कारण हिवाळ्यात तिकडे सकाळी नदीवरचं धुकं लवकर उठत नाही. फुली सरकवायच्या चकत्यांना स्वच्छ टिक् असा आवाज हवा, आणि दहा टिक् उजवीकडे नेऊन दहा टिक् परत आणलं की फुली मूळ जागी आली पाहिजे. लाल-हिरवे दिवे लागणारे स्कोप मी यादीतून आधीच उडवले. देवघर आहे का ते?

या सगळ्या चाळणीतून एकच नमुना खाली उतरला, आणि तो धर्मतल्ल्याजवळच्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात होता. दुकान चाळिशीतली एक बाई चालवत होती, वडिलांच्या मागे. मला ती मेशोमशाय म्हणायची, म्हणजे मावशीचा नवरा. इकडे वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला असं म्हणतात. शांत बोलायची. मला बंदुकीच्या दुकानात बाई बघून जरा वेगळंच वाटलं होतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलंही असणार. तिने न विचारता मला नेमका तोच स्कोप काढून दिला, वर म्हणाली की पॉइंट टू-टूसाठी हाच घ्या, महागाच्या नादी लागू नका. इथेच मी ओळखायला हवं होतं की बाईला धंद्यातलं कळतं.

घरी आणला. बाल्कनीतल्या टेबलाला मी एक छोटा शिकंजा बसवून ठेवलाय, त्यात स्कोप पकडला आणि समोरच्या इमारतीच्या विटांवर रोखला. उजवा डोळा लावला. चित्र स्वच्छ होतं, कडा छान होत्या, रंग खरे होते. आणि मग नजर फुलीच्या मध्यावर स्थिर केली तर आडवी रेघ वाकडी! मध्यबिंदूच्या जरा उजवीकडे तिला खाली झोल होता, वाळत घातलेल्या धोतराने दोरीला यावा तसा. मी डोळे चोळले, काच पुसली, पुन्हा बघितलं. झोल तिथेच होता. मला राग आलाच, पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटलं. निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी माझ्या हाती एक सदोष नग लागला होता.

मग मी शिस्तीत कागद घेतला. कंपनीत नापास नगासोबत जे टिपण जायचं, तसंच टिपण पट्टीने रकाने आखून तयार केलं. तारीख, नग, दोष, दोषाची जागा, आकृती, शेरा, सही. कंपासने वर्तुळ काढलं, त्यात फुली काढली, आणि झोल जिथे दिसत होता तिथे, घड्याळात चार वाजतात त्या दिशेला, अगदी दिसत होता तेवढाच दाखवला. 'आडव्या रेघेस मध्याच्या उजवीकडे किंचित झोल. नग नामंजूर.' खाली झोकदार सही ठोकली. त्याची एक प्रत फाइलला लावली. इतक्या दिवसांनी ती सही करताना हाताला काय बरं वाटलं!

दुकानात बाईने टिपण वाचलं, मग स्कोप उचलून दारातून समोरच्या पाटीवर रोखला आणि म्हणाली, "सोजाई तो, मेशोमशाय." सरळच तर आहे.

"तुमच्या डोळ्याला सवय नाही," मी म्हणालो. "तपासणाऱ्याचा डोळा वेगळा असतो."

तिने वाद घातला नाही. त्याच नमुन्याचा दुसरा नग मागवून देते म्हणाली. तो यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी क्लबातही गेलो नाही. नापास नग परत करण्याआधी रायफलीला लावून बघावा, किंवा निदान कुणाला दाखवावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे नापास माल तपासणीच्या खोलीबाहेर जात नसे. ही इतक्या वर्षांची सवय आहे, ती निवृत्तीच्या शालीबरोबर कंपनीत ठेवून येता येत नाही.

दुसरा नग आला. शिकंज्यात पकडला, डोळा लावला, आणि मी हादरलोच. पुन्हा झोल! त्याच जागी, चार वाजण्याच्या दिशेला, आणि या वेळी जरा मोठा. इथे कुठल्याही शहाण्या माणसाने विचार केला असता. मी निष्कर्ष काढला. हा सगळा लॉटच खराब आहे, आणि बाईने गिऱ्हाईक गळ्यात पडतंय बघून त्यातलाच आणखी एक माझ्या माथी मारलाय. नवं टिपण तयार केलं, 'झोल वाढीव' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि त्याच दुपारी लाँचने नदी ओलांडून दुकानात थडकलो.

बाईने पुन्हा स्वतः बघितलं. मग स्कोप खाली ठेवला, आवाज आणखी हळू केला आणि म्हणाली, "मेशोमशाय, रागावू नका. एकदा डोळे दाखवून घ्या ना."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी जे बोललो ते सगळं इथे लिहायची माझी छाती नाही. या डोळ्यांनी तेहतीस वर्षं माल पास केलाय हे बोललो. स्वतःच्या मालातली खोट गिऱ्हाइकाच्या डोळ्यात दाखवायची, हा कुठला धंदा, हे बोललो. वडील असते तर त्यांना लाज वाटली असती, हेही बोललो. क्लबातल्या सगळ्यांना फोनवर कळवीन अशी धमकी दिली. बाईचे कान लाल झाले. गिऱ्हाइकांपैकी एक हळूच पायरी उतरून गेला. ती एवढंच म्हणाली की तिसरा नग मागवते, आणि या वेळी याच्या वरच्या प्रतीचा, वेगळ्या कंपनीचा, त्याच किमतीत.

मी जिंकून घरी आलो. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

तिसरा नग यायला चार आठवडे लागले. त्या दिवसांत मला वाचताना मधलं एखादं अक्षर गळाल्यासारखं व्हायचं, पण दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं झाकून घेतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी छपाईला नावं ठेवली. वर्तमानपत्र बदललं. तुम्ही हसाल, पण खरोखर बदललं.

तिसऱ्या स्कोपमधून बघितलं तेव्हा मात्र मला राग आला नाही. रेघ नुसती वाकली नव्हती, झोलापाशी तुटल्यासारखी दिसत होती, आणि फुलीचा मध्य, जिथे दोन रेघा मिळायला हव्यात, तिथे करडा डाग होता, ओलं बोट लागल्यासारखा. कंपनी वेगळी, काच वेगळी, किंमतही खरं तर वेगळी, आणि दोष तोच, त्याच जागी. तरीही माझ्या हाताने टिपण लिहिलंच. 'रेघ खंडित. मध्यभागी डाग.' सही केली. पण या खेपेला सही करताना बरं वाटलं नाही.

दुकानात मी या वेळी ओरडलो नाही. बाईने टिपण वाचलं. मग तिने आतून एक लाकडी घोडी आणून काउंटरवर ठेवली, स्कोप तिच्या खाचेत ठेवला, समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर रोखला आणि मला स्टूल दिलं.

"तुम्ही फक्त बघत राहा," ती म्हणाली. "मी स्कोप हळूहळू फिरवते. झोल कुठे जातो ते सांगा."

ती काय करतेय ते मला त्याच क्षणी कळलं. खोट नळीत असेल तर नळी फिरेल तशी खोट फिरली पाहिजे. चारवरून सातवर, सातवरून दहावर. पोरखेळातली गोष्ट आहे. एखाद्या नव्या शिकाऊ पोराने माझ्यासमोर हे केलं नसतं तर मी त्याला टेबलावरून उठवलं असतं.

तिने स्कोप पाव फेरा फिरवला. फुली फिरली. झोल चारलाच राहिला. आणखी पाव. स्कोप आता पुरता उलटा झाला होता, वरची चकती खाली गेली होती, उभ्या रेघेचं वरचं टोक खाली आलं होतं. झोल चारला. मी म्हटलं, "परत फिरवा." तिने परत फिरवला. मी म्हटलं, "पुन्हा." तिने न कंटाळता पुन्हा फिरवला. सगळी फुली त्या नळीबरोबर गोल फिरत होती, आणि ती एक वाकडी जागा माझ्यासमोर जिथल्या तिथे होती.

"आता डावा डोळा," ती म्हणाली.

डाव्या डोळ्याने रेघ सरळ होती, ताणलेल्या तारेसारखी. कुठे झोल नाही, डाग नाही, काही नाही.

मी स्टुलावर बसून राहिलो. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एक गोष्ट घोकून घ्यायला लावायचो. एका नगात दोष दिसला तर नग नापास करा. पण ओळीने सगळ्या नगांत, एकाच जागी, तोच दोष दिसला, तर नग खाली ठेवा आणि आधी आपलं मापयंत्र तपासा. शेकडो जणांना मी हे शिकवलं असेल. माझं मापयंत्र माझ्या कपाळाखाली होतं आणि त्याच्यावर संशय घ्यावा हे मला सात आठवडे सुचलं नाही. मला कुणीतरी भर बाजारात कानाखाली वाजवावी तसं झालं. बाईने पाणी पुढे केलं, घरी फोन करू का विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. तिची माफी मागायला मी नंतर गेलो, तेव्हा तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. पण त्या दिवशी स्कोप तिथेच टाकून मी बाहेर पडलो.

बाबूघाटावरून लाँच पकडली. नदीवरच्या नव्या पुलाच्या तारा किती सरळ आहेत हे मी रोज बघत आलोय; खांबांवरून खाली ताणलेल्या, फूटपट्टीने आखल्यासारख्या. डावा हात उचलून डावा डोळा झाकला आणि बघितलं. मधल्या तारा वाकल्या होत्या. हात काढला, सरळ झाल्या. झाकला, वाकल्या. शेजारची बाई मुलाला जवळ ओढून जरा पलीकडे सरकली. मी लाँचचा कठडा बघितला, पलीकडच्या काठावरच्या कारखान्याची चिमणी बघितली, घाटाच्या पायऱ्या बघितल्या. जिकडे नेम धरावा तिकडेच वाकडं. बाकी सगळीकडे ठीक. ज्या जागेने मी बघत होतो तीच जागा गेली होती.

दारातच बायकोला सांगितलं. ती रागावली नाही, रडली नाही, फक्त पदराला हात पुसले आणि फोन हातात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टर तरुण होता. त्याने थेंब घातले, तपासलं, चौकटी आखलेला एक कागद डोळ्यासमोर धरून विचारलं, कुठे वाकडं दिसतं? मी सांगितलं, चार वाजण्याच्या दिशेला. तो जरा चमकला. मग पडद्याचे फोटो काढून आणले आणि समजावून सांगितलं. पडद्याच्या ऐन मध्यावर, मागच्या बाजूने नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत, त्यातून पाणी पाझरतं, पडदा फुगतो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. पाझर थांबवता येतो. पण मध्ये जो व्रण पडला आहे तेवढी नजर परत येत नाही. आणि मग तो प्रश्न.

"हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

माझ्याकडे फाइल होती. का आणली होती देव जाणे, कुठेही जायचं तर कागद बरोबर घ्यायचे ही सवय. मी तीन टिपणं काढून त्याच्या टेबलावर ओळीने मांडली. त्याने ती वाचली. मराठी त्याला येत नव्हती, पण तारखा वाचता येत होत्या आणि आकृत्या सगळ्यांना कळतात. पहिल्या वर्तुळात किंचित झोल. दुसऱ्यात मोठा. तिसऱ्यात तुटलेली रेघ आणि मध्ये पेन्सिलने घासून काढलेला डाग.

"हे कुणी काढलं?" त्याने विचारलं.

"मीच."

"इतका नीट इतिहास मला आजवर कुठल्या पेशंटने आणून दिला नाही," तो म्हणाला. मग त्याचं बोट पहिल्या कागदाच्या तारखेवर गेलं आणि तिथेच थांबलं. "या दिवशी आला असतात तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. चांगला मुलगा होता. पण मी आयुष्यभर टिपणं वाचलेली आहेत, न लिहिलेला शेरा मला वाचता येतो. माझ्या स्वतःच्या सहीखाली, माझ्याच अक्षरात, माझ्या डोळ्याचं दिवसागणिक जाणं लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक पानावर मी दोषी दुसऱ्यालाच ठरवलं होतं.

डॉक्टरने विषय बदलायला म्हणून असेल, सहज विचारलं, "पहिला स्कोप घरात होता तेव्हा घरच्या आणखी कुणी त्यातून बघितलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नाही."

"मी बघितलं होतं," बायको म्हणाली.

मी वळून तिच्याकडे बघितलं. थेंबांनी सगळं धुरकट झालेलं, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मला वाटलं ती गोंधळलीय, दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचं बोलतेय. त्या बाल्कनीत मी एकटा होतो. विटा आठवतात, शिकंजा आठवतो, काच पुसायचा तो पिवळा फडका आठवतो. ती कुठेही आठवत नाही.

इंजेक्शनसाठी आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. नर्सने माझ्या उजव्या भुवईवर शाईने खूण केली, चुकीच्या डोळ्यात सुई जाऊ नये म्हणून. मी बायकोचा हात धरला. धरला म्हणजे चाचपत शोधला.

"तू खरंच बघितलं होतंस?"

"हो. पहिल्याच दिवशी. तुम्ही चिडचिड करत कागद शोधायला आत गेलात, तेव्हा मी डोळा लावून बघितलं. रेघ सरळ होती. आधी उजव्याने बघितलं, मग डाव्याने बघितलं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं."

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं, ते माझं नव्हतं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"मी काय म्हणालो?"

तिच्या आवाजात ना तक्रार होती, ना टोमणा, असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही वर बघितलं नाहीत," ती म्हणाली. "म्हणालात, तू चहा टाक. मग मी चहा टाकला."